‘४० लाख घुसखोर’ : हा आकडा आला कुठून?

नमस्कार मंडळी. आज एकाच आकड्याबद्दल बोलायचंय. ४० लाख.

२०१८ च्या जुलैअखेर बातम्या पाहत असाल, तर ‘आसाममध्ये ४० लाख घुसखोर’ हे तुमच्या कानावर नक्की आलेलं असणार. अजूनही कुठल्यातरी चर्चेत कुणीतरी तो आकडा फेकतं. तो तेव्हाही चुकीचा होता आणि आजही आहे, कारण त्या दिवशी जाहीर झालेली यादी घुसखोरांची नव्हतीच.

(स्क्रीनवर : ३० जुलै २०१८, गुवाहाटी)

या दिवशी एनआरसीचा, म्हणजे नागरिक नोंदवहीचा, पूर्ण मसुदा आला. अर्ज होते ३ कोटी २९ लाख लोकांचे. नावं लागली २ कोटी ८९ लाखांची. बाकी राहिले ४०,०७,७०७. म्हणजे ज्यांची कागदपत्रं तोवर मान्य झाली नव्हती, किंवा ज्यांचा निर्णय राखून ठेवला होता, असे लोक. हा फक्त मसुदा आहे, दाद मागायची संधी मिळेल, हे भारताचे महानिबंधक शैलेश यांनी त्याच दिवशी पत्रकारांसमोर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सुप्रीम कोर्टानेही बजावलं, की या मसुद्यावरून कुणावरही कारवाई करायची नाही. एवढं सगळं समोर असताना संध्याकाळच्या पट्टीवर ‘घुसखोर’ झळकला.

आता नाव गळतं कसं, ते नीट बघू. कारण खरी गोष्ट इथे आहे.

आसामसाठी नागरिकत्वाची शेवटची तारीख होती २४ मार्च १९७१ ची मध्यरात्र. तुमचं किंवा तुमच्या वाडवडिलांचं नाव १९५१ च्या नोंदवहीत, त्या तारखेपर्यंतच्या मतदार यादीत किंवा तेव्हाच्या इतर ठरावीक कागदांत दाखवायचं. नाव वाडवडिलांचं असेल, तर त्यांच्याशी आपलं नातं कागदावर सिद्ध करायचं. आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘पांडू’ आणि आधारवर ‘पांडुरंग’ असेल, तर तलाठी कार्यालयात किती खेटे पडतात ते तुम्हाला माहीत आहे. तिथे तशाच फरकावर माणसाचं नागरिकत्व अडलं.

बायकांचे हाल सगळ्यात जास्त. शाळा नाही, जन्मदाखला नाही, लहान वयात लग्न. मतदार यादीत नाव पहिल्यांदा लागलं ते सासरच्या गावात, नवऱ्याच्या नावासकट. मग ‘मी अमक्याची मुलगी’ हे दाखवणार कसं? आधार होता ग्रामपंचायतीच्या दाखल्याचा. तो गुवाहाटी हायकोर्टाने २०१७ मध्ये अमान्य केला. पुढे सुप्रीम कोर्टाने पडताळणीच्या अटीवर तो चालवून घेतला. या बाईने कुठलीच सीमा ओलांडलेली नाही. ती फक्त लग्न होऊन शेजारच्या गावात गेली.

यादीबाहेर बंगाली मुसलमान होते, बंगाली हिंदू होते, गोरखा होते.

पुढचं वर्ष रांगांमध्ये गेलं. सुमारे ३६ लाख लोकांनी पुन्हा दावे केले. ३१ ऑगस्ट २०१९ ला अंतिम यादी आली, तेव्हा बाहेर राहिले १९,०६,६५७. म्हणजे त्या ४० लाखांतल्या निम्म्याहून जास्त लोकांचं नाव वर्षभरात यादीत लागलं. त्यांना आपण वर्षभर घुसखोर म्हटलं, आणि ते दुरुस्त करणारा मथळा माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. याचा मला मनापासून राग येतो.

चूक दुसऱ्या बाजूनेही झाली. परदेशातल्या काही माध्यमांनी ‘भारताने ४० लाखांचं नागरिकत्व काढून घेतलं’ असं छापलं. तेही खोटं. यादीत नाव नाही म्हणून कुणी आपोआप परदेशी ठरत नाही. तो निर्णय विदेशी न्यायाधिकरणाचा, आणि त्यावरही कोर्टात जाता येतं.

हे सगळं लांबचं वाटत असेल, तर आपल्या राज्यात या. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात बांगलादेशी समजून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. बंगाल सरकारने कागदपत्रं पुढे केली, तेव्हा त्यांना परत आणावं लागलं. भारताचे नागरिक होते ते! बेकायदा येणारे लोक आहेत, त्यांच्यावर कायद्याने कारवाई व्हावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण बंगाली बोलणारा गवंडी दिसला की बांगलादेशी, ही सवय आपल्याला अशाच मथळ्यांनी लावली.

आणि उरलेले १९ लाख? त्यांना नाव नाकारल्याची चिठ्ठी मिळायची होती. ती हातात पडली, की अपिलाची १२० दिवसांची मुदत सुरू होणार होती. पण अंतिम यादी आली, तरी ती अधिसूचितच, म्हणजे सरकारी राजपत्रात जाहीरच, झाली नाही. त्यामुळे चिठ्ठी नाही, आणि चिठ्ठी नाही म्हणून अपीलही नाही. त्यात भर म्हणजे दाव्यांच्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे अडकून पडले आणि दावे केलेल्यांपैकी सुमारे २७ लाख लोकांचं आधार कार्ड रखडलं. त्यांतल्या ९ लाख ३५ हजार जणांना ते देणार, हे जाहीर व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. तोवर रेशन, शिष्यवृत्ती, बँक, सगळीकडे त्यांना आधार मागितलं जात होतं.