पीडीएफ आहे ना, मग काय अडलं?

(स्क्रीनवर: भूगोलाच्या पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान. मागे स्क्रीन रीडर सुरू.)

हे पान तुम्हाला दिसतंय. वर धड्याचं नाव, मधे चौकट, खाली नकाशा, कोपऱ्यात पान नंबर. आता हीच फाइल एखाद्या अंध मुलाने उघडली तर त्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, काय वाचेल? काही नाही. कोरं पान. कारण स्कॅन म्हणजे शेवटी फोटो, आणि फोटोत अक्षरं नसतात, नुसते काळे-पांढरे ठिपके असतात. ग्रुपवर कुणीतरी अख्खं पुस्तक मोबाइलने काढून पीडीएफ करून टाकतं, "घ्या, सगळ्यांना उपयोगी पडेल", आणि मनापासून टाकलेलं असतं हो, पण त्या सगळ्यांमध्ये हा मुलगा धरलेलाच नसतो.

मग पहिलं काम ओसीआर. फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा खराखुरा टेक्स्ट करायचा. टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला मराठी येतं. गूगल ड्राइव्हवर पानाचा फोटो चढवला आणि डॉक्समध्ये उघडला तरी मजकूर मिळतो. पान स्वच्छ असेल, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सरळ स्कॅन केलेलं असेल, तर निकाल बघून बरं वाटतं. पण पुस्तक जुनं निघालं, कागद पिवळा, मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली, आणि बाइंडिंगपाशी ओळी आत वळलेल्या, की गंमत सुरू होते. घर चं धर होतं. पालेभाजी ची पालेमाजी होते. ख चे दोन तुकडे पडून रव होतो, म्हणजे खरं लिहिलेलं रवरं. १ चा ९ झाला की १८१८ ची लढाई डायरेक्ट ऐंशी वर्षं पुढे. तुम्ही-आम्ही वाचताना हे मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. स्क्रीन रीडर तसं काही करत नाही, तो अगदी बातम्या दिल्यासारखा गंभीरपणे पालेमाजी म्हणतो.

आणि अनुस्वार! स्कॅन साफ करताना बारीक डाग काढायची सोय असते, ती जरा जास्त वाढवली की सॉफ्टवेअरला अनुस्वारही धूळच वाटते आणि पान कसं छान चकाचक होतं, अनुस्वारासकट. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची पुस्तकं असतील, ज्यात केलें, गेलें, तेथें असं सगळं टिंबांनी भरलेलं असतं, तर मग विचारूच नका. तिथे छापलंय तसंच ठेवायचं असं आमचं मत. लेखकाच्या काळाची भाषा सुधारणं हे फाइल करणाऱ्याचं काम नाही.

(स्क्रीनवर: वर्ड फाइल. कर्सर एका ओळीवर थांबलेला.)

पण खरं सांगायचं तर अक्षरांच्या चुका हा सोपा भाग आहे. त्या दिसतात, शोधता येतात, एकाच पुस्तकात तीच चूक पाचशेदा असेल तर एका फटक्यात बदलता येते, अर्थात जपून, नाहीतर सगळे धर घर करताना धरणाचं घरण होतं. अवघड भाग आहे पानाची मांडणी. कारण पान आपल्याला न लिहिता कितीतरी गोष्टी सांगत असतं. अक्षर मोठं आणि ठळक, म्हणजे धडा सुरू झाला. बारीक अक्षर खाली, म्हणजे तळटीप. चौकट, म्हणजे वाचलं नाही तरी चालेल असं काहीतरी. हे आपण डोळ्यांनी इतक्या सहज उचलतो की कुणीतरी सांगतंय हे कळतही नाही. ओसीआरमधून बाहेर पडताना यातलं बहुतेक सगळं सांडतं, आणि हातात येतो एक सपाट मजकूर, ज्यात धड्याचं नाव आणि धड्यातलं पाचवं वाक्य यांच्यात काही फरकच उरत नाही.

एक पान जवळून बघू. स्वाध्याय, प्रश्न पहिला, जोड्या लावा. डावीकडे अ गट : गोदावरी, कृष्णा, भीमा. उजवीकडे ब गट : महाबळेश्वर, भीमाशंकर, त्र्यंबकेश्वर. दोन खांब शेजारी-शेजारी. ओसीआरने ते आडवे वाचले, आणि टेक्स्ट तयार झाला : गोदावरी महाबळेश्वर, कृष्णा भीमाशंकर, भीमा त्र्यंबकेश्वर. आता हे कानाने ऐका. प्रश्न वाटतो का हा? हे तर उत्तर वाटतं. पोरगं बिचारं पाठ करून मोकळं होतं की गोदावरी महाबळेश्वरला उगम पावते, आणि यात एकही अक्षर चुकलेलं नाहीये बरं का, प्रूफ वाचणाऱ्याने स्पेलचेक लावला असता तर पान शंभर टक्के पास झालं असतं.

यावर उपाय साधा आहे, पण तो माणसालाच करावा लागतो. खांब मोडायचे. आधी अ गट असं उपशीर्षक, त्याखाली तीन नावांची यादी. मग ब गट, त्याखाली यादी. गाळलेल्या जागांचंही तसंच, तिथे एका पुढे एक पंधरा अंडरस्कोर असतात, काही सेटिंगला स्क्रीन रीडर त्यातला प्रत्येक मोजून म्हणतो. तिथे सरळ "रिकामी जागा" लिहिलं की संपलं. आणि "खालील चित्र पाहून उत्तरे लिहा" असेल तर चित्राचं वर्णन लिहायला लागतं, तेही उत्तर न फोडता. नुसतं "महाराष्ट्राचा नकाशा" लिहिणं म्हणजे न लिहिल्यासारखंच, पण सगळ्या नद्यांची नावं दिशांसकट सांगून टाकली तर प्रश्नच उरत नाही. हा तोल कुठलं सॉफ्टवेअर सांभाळेल असं आम्हाला तरी अजून वाटत नाही.

मग हेडिंग. वर्डमध्ये अक्षर मोठं केलं, बोल्ड केलं, मधोमध आणलं, म्हणजे हेडिंग झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते डोळ्यांपुरतं. स्क्रीन रीडरला कळायला त्या ओळीला हेडिंगची स्टाइल द्यावी लागते, धड्याला हेडिंग वन, आतल्या मुद्द्याला हेडिंग टू. एवढं केलं की एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरणारा माणूस वाचता वाचता एच दाबून पुढच्या मथळ्यावर उडी मारतो. नाही केलं, तर चारशे पानांच्या पुस्तकात दहावा धडा शोधायला त्याने काय पहिल्यापासून ऐकत बसायचं? आम्हाला कुणी विचारलं, की बाबा वेळ कमी आहे, एकच गोष्ट नीट करायची तर कुठली, तर आम्ही डोळे झाकून हेडिंग म्हणू. ऐकणारा वाचक चार पालेमाज्या पचवतो, पण मथळे नसलेल्या फाइलीत तो हरवतो.

पान नंबराबद्दल मात्र भांडणं होतात. प्रत्येक पानाच्या डोक्यावर पुस्तकाचं किंवा धड्याचं नाव छापलेलं असतं, ते ओसीआरमध्ये वाक्याच्या मधेच घुसतं, "तो म्हणाला की मी ४३ आपली पृथ्वी उद्या येतो", असं. म्हणून नवीन माणूस उत्साहाने ते सगळंच उडवतो, नंबरासकट. आणि वर्गात बाई म्हणतात, पान बेचाळीस काढा. काढणार कुठून? डोक्यावरचं नाव जाऊ दे, पण छापील पान नंबर राहिलाच पाहिजे, वेगळ्या ओळीत, सगळीकडे एकाच पद्धतीने, आणि दोन पानांत तुटलेला शब्द आधी जोडून घेऊन मग.

(स्क्रीनवर: ब्रेल पान, त्यावरून सरकणारी बोटं.)

इथपर्यंत आपण कानाने वाचणाऱ्याचं बोललो. बोटाने वाचणाऱ्याचा हिशोब वेगळा आहे.

लुई ब्रेलने १८२४ च्या सुमारास, पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची ही लिपी बसवली. आपल्याकडे पूर्वी वेगवेगळ्या पद्धती चालायच्या, मग १९५१ मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी एक भारती ब्रेल ठरली. त्यामुळे मराठी क आणि तमिळ क बोटाला एकच लागतो. एका घरात एक ते सहा नंबरांच्या टिंबांच्या जागा, त्यांच्या मिळून ६३ आकृत्या होतात, त्यात आपली सगळी बाराखडी बसवायची. छापताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतो, ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. जोडाक्षरात हलन्त मात्र आधी येतो, म्हणजे स्त लिहायचा तर आधी चौथं टिंब, मग स, मग त. हे सगळं लिबलुईसारखी फुकट सॉफ्टवेअरं आपोआप करतात, पण मूळ टेक्स्ट बरोबर असेल तरच.

आता बघा, दिन आणि दीन. स्क्रीन रीडरच्या तोंडी दोन्ही जवळपास सारखेच. बोटाला ते दोन वेगळे शब्द आहेत, एकात दोन आणि चार नंबरची टिंबं, दुसऱ्यात तीन आणि पाच. जन्मापासून अंध असलेल्या मुलाला शुद्धलेखन कळायची वाट म्हणजे मुख्यतः ब्रेलच. नुसतं ऐकून बारावी झालेली हुशार मुलं लिहायला बसली की ऱ्हस्व-दीर्घात अडखळतात, आणि त्यात त्यांचा काय दोष? म्हणजे मघाशी आम्ही जे म्हटलं, अक्षरांच्या चुका चालतील, ते कानापुरतं. फाइल ब्रेलला जाणार असेल तर एकेक वेलांटी तपासायला लागते.

आकड्यांची तर वेगळीच कहाणी. ब्रेलमध्ये आकडे म्हणजे इंग्रजी ए ते जे हीच अक्षरं, फक्त आधी अंकाची खूण लावलेली. आपल्या ब ची टिंबं आणि दोन ची टिंबं एकच. ओसीआरने "५ ब" मधली जागा खाल्ली, आणि मधे अंक संपल्याची खूणही पडली नाही, तर पाचवी ब तुकडी बोटाला बावन्न लागते. आणि ती अंकाची खूण म्हणजे भारती ब्रेलमधला ण. ओळखायचं संदर्भावरून.

मग जागा. मोठ्या ब्रेल कागदावर साधारण ४० घरांच्या २५ ओळी बसतात, एका छापील पानाची ब्रेलची दोन-तीन पानं सहज होतात, आणि कागद जाडा, टिंबं फुगीर. म्हणून एका कादंबरीचे तीन-चार खंड होतात. खंड कुठे तोडायचा हेही कुणीतरी ठरवायचं असतं, धडा संपतो तिथे तोडला तर बरं, शाळेच्या पोराला एका तासासाठी दोन खंड उचलून न्यायला लागू नयेत. हल्ली ब्रेल डिस्प्ले आलेत, ऑर्बिट रीडर २० वर एका वेळी २० घरं असतात, टिंबं वरखाली होत ओळ बदलते. वजनाचा प्रश्न मिटतो, पण किंमत अजूनही सगळ्यांच्या खिशातली नाही, आणि तिथे एखादी ओवी उघडली की एक चरण दोनदा सरकवून वाचायला लागतो. ओसीआरने कवितेच्या ओळी सलग परिच्छेदात ओतल्या असतील तर यमक कुठे आलं ते बोटाला कळणारच नाही. ओळ ओळीसारखी ठेवायची, आणि उरलेला तुकडा पुढे गेला तर दोन घरं आत.

तपासणीची जुनी पद्धत आम्हाला अजूनही सगळ्यात भारी वाटते. एक डोळस माणूस मूळ पुस्तक मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट, आणि समोर अंध प्रूफरीडरची बोटं ब्रेल पानावरून चालतात. बोटं थांबली की चूक सापडली.

(स्क्रीनवर: पुस्तकाच्या दुकानातलं रॅक.)

कायद्याचं अडत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा अंध वाचकांसाठी पुस्तकाची अशी प्रत करायला परवानगी देतो. अशा प्रती देशांच्या सीमा ओलांडून वाटता याव्यात म्हणून मराकेश करार झाला २०१३ मध्ये, आणि तो सगळ्यात आधी मान्य करणारा देश भारत, २०१४ मध्ये. २०१६ ला सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. मराठीत स्पर्शज्ञान हे ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघतंय.

अडतं ते भलतीकडेच. या रॅकवरचं प्रत्येक नवं पुस्तक आधी कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर टाइप झालेलं आहे. टाइप केलं, छापलं, मग कुणीतरी विकत आणलं, कटरने बाइंडिंग कापलं, स्कॅन केलं, ओसीआर केलं, महिनाभर प्रूफ वाचली, आणि शेवटी हातात काय आलं, तर जवळजवळ तीच फाइल जी प्रकाशकाकडे आधीपासून पडून होती. काही प्रकाशक मागितल्यावर देतात, मोठ्या मनाने देतात. पण मराठीत त्यातही एक मेख आहे, बऱ्याच फाइली युनिकोडमध्ये नसतात, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात, म्हणजे पडद्यावर मराठी दिसतं आणि स्क्रीन रीडरने वाचलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. ती आधी कन्व्हर्टरमधून काढायची, रफार आणि वेलांट्या जागेवर आल्यात का बघायचं, आणि मग तिथूनही तेच, जोड्या लावा मोडा, पान नंबर ठेवा, हेडिंग वन, हेडिंग टू.