मालाडचा दगड, विलायतेचा नकाशा

सकाळचे सात. मुंबईच्या ओव्हल मैदानावर एकाच वेळी कितीतरी सामने चालू आहेत; कोणाचा फिल्डर कोणाच्या पिचवर उभा आहे, देव जाणे. आता मान जरा वर करा. तो मुंबई विद्यापीठाचा २८० फुटांचा घड्याळाचा मनोरा, राजाबाई टॉवर.

त्याचा नकाशा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी काढला. मुंबईत त्यांनी कधी पाऊलसुद्धा ठेवलं नाही. बांधकाम १८६९ साली सुरू झालं आणि १८७८च्या अखेरीस टॉवर पुरा झाला, तेव्हा स्कॉट हयात नव्हते.

पैसा दिला कापूस आणि शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी. २ लाख रुपये, आणि अट एकच: टॉवरला आईचं, राजाबाईंचं नाव. हा पैसा कापसाचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि मुंबईतल्या कापसाच्या भावाला पंख फुटले. त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी कोटाच्या भिंती पाडायला घेतल्या. आपण आजही ‘फोर्टात जातो’ म्हणतो. तो फोर्ट तेव्हाच गेला. १८६५ला अमेरिकेतलं युद्ध थांबलं, भाव कोसळले, शेअरवाले रस्त्यावर आले. प्रेमचंदही बुडाले. गंमत अशी की मुंबईच्या या डौलदार इमारती बहुतेक या दिवाळखोरीनंतरच उभ्या राहिल्या.

दगड मात्र इथलाच. टॉवरचा फिका पिवळसर दगड कुर्ल्याचा. बारीक नक्षीसाठी मऊ पोरबंदरी. आपला काळा कातळ छिन्नीला दाद देत नाही, म्हणून तो भिंतींना आणि नक्षी पोरबंदरीत, असा हिशेब या भागात जागोजागी दिसतो.

कॅमेरा टॉवरच्या अंगावरून वर नेतो. उंचावर माणसं उभी आहेत. दगडाची, एकूण २४. कोणी राजपूत, कोणी पारशी, कोणी वाणी. पश्चिम हिंदुस्थानातले समाज, ज्याच्या त्याच्या पेहरावात. त्यांचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक इंजिनिअरने. खालून यातलं काही नीट दिसत नाही. तरीही पागोट्याची घडी न घडी कोरली आहे.

शेजारी हायकोर्ट. कर्नल जेम्स फुलर यांची इमारत, तीही १८७८चीच. आत एका खांबाच्या माथ्यावर माकड बसलंय: हातात तराजू, एक डोळा बांधलेला, आणि तराजू एका बाजूला कललेला. ठेकेदार कज्जा हरला आणि त्याने असा सूड उगवला, अशी दंतकथा आहे. खरीखोटी कोण जाणे, वकील मंडळी मात्र ती चवीने सांगतात.

पाठ फिरवा. मैदानाच्या पलीकडे गोलसर गच्च्यांची, आर्ट डेको या विसाव्या शतकातल्या शैलीची घरं. टॉवर बांधला तेव्हा तिथे समुद्र होता. भराव घातलेल्या जमिनीवर १९३०च्या दशकात ही ओळ उभी राहिली. एका मैदानाच्या दोन काठांवर दोन शतकं, आणि २०१८ साली युनेस्कोने दोन्ही काठ मिळून जागतिक वारशात घेतले.

आता बोरीबंदर. म्हणजे व्हीटी. म्हणजे सीएसएमटी, घाईत असलेल्या माणसाच्या तोंडून काय निघेल, त्यावरून त्याचं वय ओळखावं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी १८७८ला काम सुरू केलं, त्याला दहा वर्षं लागली. त्यांच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य हे इंजिनिअर होते. नक्षीकामाला जे. जे. स्कूलचे विद्यार्थी. फाटकाच्या खांबांवर दोन जनावरं: एकावर सिंह, तो राणीचा, दुसऱ्यावर वाघ, तो आपला. घुमटावर मशाल उंचावलेली ‘प्रगती’. भिंतीवर पिसारा फुलवलेला मोर. आणि छपराशी आ वासून बसलेली जनावरं. अशी तोंडं मुळात छपराचं पाणी दूर फेकायला असतात. ज्याने देवळाचं गोमुख पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

पिवळट दगड मालाडचा. त्यावर दीडशे वर्षांचा धूर, खारा वारा आणि पाऊस. कुठे पापुद्रे सुटलेत, कुठे जुन्या डागडुजीत सिमेंट थापलंय. सिमेंट ओल आत कोंडतं आणि दगड आतून भुसभुशीत होतो. म्हणून जाणकार कारागीर चुनाच मागतात.

आत चला, तिकीटघरात. निळ्या छतावर सोनेरी तारे आहेत. त्यावरूनच या दालनाला स्टार चेंबर म्हणतात. खाली इटालियन संगमरवर आणि कर्जत-कसाऱ्याची रांग. एक शाळकरी पोरगी वर बघत उभी राहिलीय, तोंड उघडं.

मागून आवाज येतो, “ओ ताई, पुढे सरका, लोकल सुटेल!”