दाढ काढली, पण जखम भरेना

(दृश्य: मिरज. दवाखान्यांच्या पाट्या, एस.टी.तून उतरणारे रुग्ण.)

निवेदन:
डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ सुरू केलं. आजही जत-आटपाडीपासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण मिरजेच्या वाटेला लागतात. त्यांत एखादी मावशी असते. दाढ काढून दोन महिने झाले, तरी जखम भरत नाही. जिभेला काहीतरी टोचतं. आरशात पाहिलं तर हिरडीतून पिवळट टोक डोकावतं. ते जबड्याचं हाड असतं, मेलेलं.

(दृश्य: डॉक्टर जुनी फाईल चाळताहेत.)

हाड सतत झिजतं आणि नव्यानं घडतं. कॅन्सर हाडात पसरला किंवा उतारवयात हाडं ठिसूळ झाली, की झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब अशी इंजेक्शनं देतात. ती झीज थांबवतात, हाडं मोडण्यापासून वाचवतात. मात्र त्यामुळे हाडाची डागडुजीही मंदावते. जबड्यावर हिरडीचं पातळ आवरण, तोंडात जंतू कायमचे. दाढ निघाल्यावर उघडं पडलेलं हाड सावरत नाही. कॅन्सरसाठी दर महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्यांना हा धोका जास्त, ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा घेणाऱ्यांना फारच कमी.

दुसरं कारण रेडिएशन. तंबाखू-मिश्रीनं तोंडाचा कॅन्सर झालेल्यांच्या जबड्यातल्या रक्तवाहिन्या किरणांनी अरुंद होतात. हा धोका पुढं अनेक वर्षं राहतो. आणि २०२१चा म्युकर कोण विसरेल? कोरोनातून उठलेल्या मधुमेहींचा वरचा जबडा त्या बुरशीनं पोखरला.

(दृश्य: ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे.)

म्हणून निदान प्रश्नांपासूनच सुरू होतं: इंजेक्शनं कुठली, किती दिवस? रेडिएशन झालंय का? औषध घेतलेल्या, पण जबड्याला रेडिएशन न झालेल्या रुग्णाचं हाड आठ आठवड्यांहून जास्त उघडं राहिलं, तर संशय पक्का होतो. सुरुवातीला ओपीजीत काही दिसत नाही. सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी स्कॅनमध्ये, मेलेला तुकडा सुटा झालेला कळतो. तुकडा काढून तपासणी सरसकट करत नाहीत, नवी जखम चिघळू शकते. पण कॅन्सर उलटल्याची किंवा बुरशीची शंका असेल, तर ती टाळताही येत नाही.

आमची कळकळीची विनंती आहे: दाढ काढण्याआधी तुमच्या जुन्या उपचारांची फाईल दंतवैद्यांना दाखवा. इंजेक्शन स्वतःहून बंद करू नका. डेनोसुमॅब अचानक थांबवलं तर पाठीचे मणके मोडू शकतात. रेडिएशन ठरलं असेल, तर किडलेले दात शक्यतो दोन-तीन आठवडे आधी काढून घेतात, म्हणजे किरणं सुरू होण्यापूर्वी जखम भरते.