साबणाच्या वड्या आणि दीपगृह

श्रोतेहो, नमस्कार.

उधाण म्हणजे काय, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पाणी अंगणात आलं की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते. आजची गोष्ट मात्र, बंधाऱ्याचा नाद सोडून इमारतच उचलून नेली, त्याची आहे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर केप हॅटरसचं दीपगृह आहे. बारा लाख विटांचं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पीळ घातलेलं, जवळपास 200 फूट उंच. 1870 साली तिथे दिवा लागला तेव्हा समुद्र 1,500 फुटांवर होता. शंभर वर्षांत तो 120 फुटांवर आला. मुळात बेटच वाळूचं. एकेक वादळ त्या वाळूला मागे लोटत होतं. समुद्रात आडवे बांध घातले, वाळूच्या पिशव्या रचल्या, भर टाकली. 1980 च्या वादळात शेजारच्या, त्याहून जुन्या दीपगृहाचा उरलासुरला पायाही वाहून गेला.

खरी काळजी जमिनीखाली होती. या मनोऱ्याचा पाया म्हणजे गोड्या पाण्यात बुडवलेले पाइनचे ओंडके, त्यावर ग्रॅनाइट. गोड्या पाण्यात, हवा न लागता, लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. पण समुद्र खालून शिरला तर?

सरकवा, असा सल्ला तज्ज्ञांनी 1988 मध्ये दिला. गावकरी बिथरले. विटांचा जुना मनोरा वाटेतच कोसळला तर, ही त्यांची धास्ती; ती मला तरी वेडगळ वाटत नाही. वाद अकरा वर्षं चालला.

अखेर 17 जून 1999 ला 4,800 टनांचा मनोरा हलला. आधी पायापासून कापून, जॅक लावून तो वर उचलला होता. खाली पोलादी रूळ, मागून ढकलणारे जॅक, एका रेट्यात पाच फूट. आणि रुळांवर काय चोळलं असेल? अंघोळीच्या साबणाच्या वड्या! आपण अडकलेल्या ड्रॉवरला मेणबत्ती घासतो ना, तसंच. 23 दिवसांत 2,900 फूट अंतर कापून 9 जुलैला दीपगृह नव्या जागी पोचलं. समुद्र पुन्हा पूर्वीइतकाच लांब झाला.

ऑगस्टअखेर डेनिस चक्रीवादळ आलं, बेटावरचा रस्ता तुटला. दीपगृह तोवर आत सुखरूप होतं. नोव्हेंबरात दिवा पुन्हा लागला.

जुन्या जागी पायाचे ग्रॅनाइटचे दगड गोलाकार मांडले होते. त्यांवर दीपगृह सांभाळलेल्या माणसांची नावं कोरली होती. वादळांची वाळू त्यांवरही चढत राहिली. 2015 मध्ये ते दगडही उचलून दीपगृहापाशी आणावे लागले.