बांधापाशी संपणारे रस्ते

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून शनिपाराला पायी निघालात आणि बाजीराव रस्ता गर्दीनं तुंबलाय, तर काय करता? जोगेश्वरीकडे वळता, लक्ष्मी रस्ता ओलांडून तुळशीबागेत शिरता आणि पलीकडून बाहेर पडता. पेठेतले रस्ते अरुंद, पण गल्लीला गल्ली मिळते.

आता शहराच्या कडेला, माझ्या घरी या. गॅलरीत उभं राहिलं की मुलीच्या शाळेची घंटा ऐकू येते. मधे फक्त भिंत, वर काचा रोवलेली. तिला सोडायला मात्र दीड किलोमीटरचा वळसा! आमच्या फाटकातून मुख्य रस्त्यावर, तिथून पुढच्या कॉलनीच्या फाटकातून आत. दोन मिनिटांत चालत गेली असती ती पोर स्कूटरवर बसते, आणि सकाळी सातला सगळ्या सोसायट्यांच्या गाड्या त्या एकाच रस्त्यावर येतात. मग आपण म्हणतो, रस्ता रुंद करा.

असं का झालं? इथं शेतं होती. वाटण्या होऊन जमिनीचे लांबट पट्टे पडले. एकानं आपल्या पट्ट्यात प्लॉट पाडले आणि तेवढ्यापुरता रस्ता काढला. तो शेजाऱ्याच्या बांधापाशी संपला. शेजाऱ्यानं पुढे बांधलं, तेव्हा त्याचा रस्ता दुसऱ्याच बाजूला निघाला. असे गुंठ्या-गुंठ्यानं विनापरवाना पाडलेले प्लॉट, म्हणजे गुंठेवारी, नियमित करायचा कायदा 2001 साली आला. घरं कागदावर नियमित होतात हो, पण न सोडलेली वाट कुठून आणायची? पुणे महापालिकेत 2017 साली 11 गावं आली, 2021 साली आणखी 23. तोवर कितीतरी ठिकाणी भिंती उभ्या राहिल्या होत्या.

हे आपल्याला जमत नव्हतं असं नाही. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा 1915 साली झाला. त्यातल्या टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग, स्कीममध्ये सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, आधी रस्ते आखायचे आणि मग ज्याला त्याला नीट आकाराचा प्लॉट परत द्यायचा. भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, अशी स्कीम झाली.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत मी भिंतीला एक दार मागितलं, माणूस जाईल एवढंच. सुरक्षेचा मुद्दा निघाला आणि विषय पुढे ढकलला. पुढच्या सभेसाठी मी अर्ज दिलाय. शाळा भरताना आणि सुटताना किल्ली घेऊन मी दाराशी उभी राहीन, असं त्यात लिहिलंय.