चेहरा झाकला, बाकी सगळं दिसलं

(दृश्य: एडिट रूम. स्क्रीनवर मोबाइलची उभी क्लिप, थांबवलेली, पूर्ण धूसर.)

शाळेतल्या मारहाणीच्या क्लिपा सहसा अर्ध्या मिनिटाच्या असतात. शाळेच्या संडासामागची जागा, तिघाचौघांनी एकाला कोपऱ्यात घेतलेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत ती स्ट्रिंगरकडे, म्हणजे चॅनेलच्या स्थानिक बातमीदाराकडे येते, तिथून चॅनेलच्या डेस्कवर. बुलेटिन वीस मिनिटांवर. एडिटर मार खाणाऱ्याच्या तोंडावर मोझॅक, म्हणजे धूसर चौकटींचा पट्टा टाकतो आणि फाइल सोडून देतो.

मोझॅक त्या मुलाला परक्यांपासून लपवतो. पण परक्यांची भीती त्याला नाहीच. सोमवारी ज्यांच्या बाकावर बसायचंय, ती पोरं त्याला दप्तरावरून, चालीवरून, नुसत्या ‘आई गं’वरून ओळखतात.

(दृश्य: टाइमलाइन, एकेक फ्रेम पुढे सरकते.)

आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम जातात. फटका चुकवायला मूल मान झटकन फिरवतं, तिथे मोझॅकचं ट्रॅकिंग, म्हणजे चेहऱ्यामागे सरकणं, सुटतं आणि तीन फ्रेम चेहरा उघडा पडतो. टीव्हीवर कळतही नाही. मोबाइलवर पॉज करून स्क्रीनशॉट काढायला मात्र तेवढं पुरतं. शिवाय चौकटींचा मोझॅक लांबून, डोळे बारीक करून पाहिला, तर चेहरा बऱ्याचदा पुन्हा जुळून येतो. म्हणून केस, कान, मानेसकट सपाट एकरंगी पट्टा लावायचा आणि फ्रेम-फ्रेम तपासायची. शर्टाचा बिल्ला, टाय, भिंतीवरचा सुविचाराचा फळा, हेही झाकायचं. मूळ आवाज पूर्ण काढायचा, कारण शूटिंग करणारा मागून नाव घेऊन ओरडत असतो.

एवढं झाकल्यावर क्लिपमध्ये उरतं काय? मग ती न दाखवता अँकरने दोन वाक्यांत घटना सांगितलेली काय वाईट? डेस्कला हे रुचत नाही, कारण बातमीला ‘व्हिज्युअल’ हवं असतं.

(दृश्य: शाळेचं बंद फाटक, पाटी फ्रेमबाहेर.)

बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ स्पष्ट आहे. गुन्ह्याला बळी पडलेलं मूल, साक्षीदार मूल किंवा ज्याच्यावर आरोप आहे ते मूल, यांचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असा कुठलाही तपशील देता येत नाही. फोटो तर नाहीच. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘शाळा’ हा शब्द कलमातच आहे, तरी कॅमेरामनचा पहिला शॉट पाटीचा असतो! मारणारा अठराच्या आतला असेल, तर तोही याच कलमाखाली येतो. त्याच्याभोवती लाल गोल काढून ‘हाच तो’ म्हणता येत नाही. पोलिसांत नोंद नसेल तर पळवाट काढणारे काढतात. मुलाला त्याने काय फरक पडतो? छळ लैंगिक असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं, कलम २३ लागतं. जम्मूतल्या कठुआ बलात्कार-खून प्रकरणात मुलीची ओळख उघड करणाऱ्या माध्यमांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते.

मुख्याध्यापकांची परवानगी आवारात शिरण्यापुरती असते, मुलाशी बोलायची नव्हे. ती पालकांकडून घ्यायची, मुलाला वेगळं विचारायचं आणि प्रसारणाआधी दोघांना पुन्हा विचारायचं. रात्रीत मन बदलतं. चॅनेलचा बूम, म्हणजे लोगोचा माइक, बाहेर काढायचा नाही, गल्ली गोळा होते. ‘कसं मारलं ते करून दाखव’ हे कधीच नाही. खिडकीसमोर बसवून काळी आकृती घेतली, तरी एडिटमध्ये कोणी उजेड वाढवला की चेहरा वर येतो. आवाज जाड केला, तर उलट प्रक्रिया करून तो बराचसा परत मिळतो. त्यापेक्षा त्याचे शब्द दुसऱ्याने वाचावेत. आईचा चेहरा दाखवला की मूलही दाखवलंच. मुख्याध्यापक बाईटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या प्रतिक्रियेत, सहज ‘आठवी ब’ बोलून जातात. तेवढा तुकडा कापायचा. फाटकावरून लाईव्ह नकोच, तिथे कापायला काही हातात राहत नाही.

सगळ्यात जास्त गळती प्रोमोतून होते. पॅकेज, म्हणजे तयार बातमी, झाकलेलं असतं. प्रोमोवाला आणि यूट्यूबचा थंबनेल करणारा मात्र सर्व्हरवरची मूळ क्लिप उचलतात. म्हणून झाकलेली प्रतच सर्व्हरवर ठेवायची, मूळ फाइल एका संपादकाकडे कुलपात.

शाळेचं नाव न घेता जाब कसा विचारायचा, हा प्रश्न खरा आहे. गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जायचं. तालुक्यातल्या दहा शाळा घ्यायच्या, ती शाळा त्यांत मिसळून जाते. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीची शेवटची बैठक कधी झाली? इतिवृत्त दाखवा. तक्रारपेटी कुठे टांगली आहे, मुख्याध्यापकांच्या दारासमोर?

(दृश्य: व्हरांड्यातली पत्र्याची तक्रारपेटी. कुलपावर गंज.)

चावी कोणाकडे असते?