पहिला नंबर उचललेले

श्रोतेहो, नमस्कार. हवामान बदलासाठी श्रीमंत देशांनी दिलेला शब्द, हा आजचा विषय. पण आधी आमच्या वडगावातल्या गल्लीची भिशी सांगतो.

बारा घरं, महिन्याला दोन हजार. नंबर लागेल त्याला चोवीस हजार. वही एका आजीकडं. आता भिशीसुद्धा मोबाईलवर आलीय, पण वहीतल्या सहीला माणूस जसा दबतो तसा मोबाईलला दबत नाही, हे आपलं माझं मत. तर साल 2019. जानेवारीचा पहिला नंबर एका दुमजली घरवाल्यानं मागून घेतला, वर आणखी एक खोली चढवली. जूनपर्यंत हप्ते दिले, जुलैपासून बंद. मग ऑगस्टचा तो पाऊस. बळ्ळारी नाला भातात शिरला आणि गल्लीच्या टोकाच्या मावशींची मागची मातीची भिंत रात्रीत बसली. त्यांचा नंबर डिसेंबरचा. सगळ्यांनी तो अलीकडं ओढला. आजीनं पैसे मोजले, बावीस हजार. पुन्हा मोजले. बावीसच.

गणपतीत तो गृहस्थ हजार रुपये घेऊन आला. म्हणाला, "मावशींना उसने म्हणून द्या, सवडीनं फेडू देत."

आजीनं चष्मा वर सारला. "उसने? पैला नंबर कुणी उचललान रे? हे तुझं देणं हाय!"

तर श्रोतेहो, दीडदोनशे वर्षं कोळसा जाळून पहिला नंबर उचलला तो श्रीमंत देशांनी. 2009 साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत त्यांनी कबूल केलं, हवामान बदलाला तोंड द्यायला 2020 पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करू. त्यांच्याच हिशेबानं तो आकडा गाठला 2022 मध्ये. दोन वर्षं उशीर. आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा. पुन्हा सांगतो, कर्जाचा. म्हणजे उसनेच की! 2024 मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत नवा आकडा ठरला, 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर. नाही दिले तर? हवामानासाठी देशांनी 2015 मध्ये केलेल्या पॅरिस करारात दंडच नाही. 2025 च्या जुलैत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हवामान जपणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी असल्याचं सांगितलं, पण तेही सल्ला म्हणून.

मावशींच्या मागच्या बाजूला दिवाळीपर्यंत ताडपत्रीच होती. आजीच्या ट्रंकेत ती वही अजून आहे. जुलैच्या पानावर अकरा सह्या आहेत.